पांगलेल्यांचे हात आणि गावाची भिंत

शास्त्रवाचन : नहेम्या, अध्याय १ ते ६, २ करिंथ, अध्याय ८ व ९



होळी जवळ आली की सायवन परिसरातील पाड्यांवर पुन्हा माणसे दिसू लागतात. भाताची झोडणी आटोपून, दिवाळीनंतर घरे बंद करून कुटुंबेच्या कुटुंबे ‘जगायला’ गेलेली असतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, तर कुणी गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून. होळीला ती घरी येतात, चार दिवस पाडा गजबजतो, आणि बरीच माणसे पुन्हा कामावर निघून जातात. पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात.

गेल्या होळीच्या सुमारास मला परदेशात स्थायिक झालेल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे पत्र आले. त्यांचे वडील नुकतेच प्रभूमध्ये निजले होते. वडिलांच्या स्मरणार्थ आमच्या भागात एक सभागृह बांधावे, अशी भावंडांची इच्छा होती. खर्च किती येईल, एवढेच त्यांनी विचारले होते. पत्र प्रेमाचे होते. मी देवाचे आभार मानले. पण उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी नहेम्याचे पुस्तक पुन्हा वाचले. या अंकातील पाठ त्या वाचनातून आला आहे. प्रश्न असा : आपला गाव, आपला देश सोडून गेलेला माणूस मागे राहिलेल्यांच्या उन्नतीसाठी काय करू शकतो, आणि ते कसे करावे?

पांगलेले लोक

याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच वचनात ‘पांगलेले’ हा शब्द येतो. पेत्राच्या पहिल्या पत्राची सुरुवातही अशाच लोकांना उद्देशून आहे. मायभूमीपासून दूर देशोदेशी राहणारे, पण मूळ न विसरलेले लोक, असा त्याचा अर्थ. आज जगभर असे कोट्यवधी लोक आहेत. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. जगातल्या कोणत्याही देशाला याहून जास्त रक्कम आली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत दिसले की या पैशाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात येतो.

हे आकडे ऐकून वाटते की मग सायवनला काय कमी? पण हा पैसा बहुतेक ज्याच्या त्याच्या घरी जातो. मुलगा दुबईला असेल तर आईला वसईत घर होते. ज्या पाड्यावरून कुणी विमानात बसलेच नाही, त्या पाड्यावर तो कसा येणार? म्हणून घरी पाठवलेला पैसा आणि गावाच्या उन्नतीसाठी दिलेला पैसा, यांत फरक करायला हवा. पहिला प्रपंचाचा आहे आणि त्यात काही वावगे नाही. आपला विषय दुसरा आहे.

कोकणाने हा फरक भोगून पाहिला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबले आणि गावाकडची चूल मनीऑर्डरीवर पेटली. घरे तगली, पण शेते ओस पडत गेली आणि घरादाराचा सारा भार बायकांवर आला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पुढे नीट उभ्या राहिल्याच नाहीत, आणि कित्येक गावांची मनीऑर्डर थांबली. नुसता पैसा येत राहणे म्हणजे उन्नती नव्हे, हे तेव्हा कळले. मात्र त्याच मुंबईत त्याच कोकणी माणसांनी गावोगावची ग्रामस्थ मंडळे काढली होती. महिन्याला थोडी थोडी वर्गणी जमवून गावची शाळा, रस्ता, पाण्याची सोय उभी केली. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावाच्या नावाने ‘कुड’ चालवले. बोटीवर नोकरीला निघालेला खलाशी तिथे उतरे, संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरीला बसे, आणि गावच्या फेस्तासाठी व चर्चसाठी वर्गणी देई. दूर राहूनही तो गावाच्या हिशेबात होता.

देवाच्या लोकांतली जुनी रीत

ही रीत शास्त्रात जुनी आहे. बाबेलमध्ये पाडाव होऊन गेलेल्यांपैकी सगळेच यरुशलेमेस परतले नाहीत. पण जखऱ्याच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो की बाबेलहून काही माणसे सोने-रुपे घेऊन यरुशलेमेत आली. नव्या करारात बर्णबा हा मूळचा कुप्र बेटाचा, म्हणजे पांगलेल्यांपैकीच. त्याने आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले (प्रे. कृ. ४:३६-३७). तार्ससचा पौलही पांगलेला यहूदी होता. मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून त्याने यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा केली आणि ती पोहोचवायला तो स्वतः निघाला (रोम १५:२५-२७).

पण या सर्वांत नहेम्याची गोष्ट सविस्तर आहे. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. शूशनच्या राजवाड्यात त्याला मोठी नोकरी होती. यरुशलेम त्याच्यापासून शेकडो कोसांवर. आजच्या भाषेत, चांगल्या पगारावर परदेशी स्थिरावलेला माणूस. त्याने काय केले ते पाच पायऱ्यांनी पाहू.

१. आधी विचारपूस

यहूदाहून हनानी आला तेव्हा नहेम्याने सर्वांत आधी तिथल्या लोकांची आणि नगराची खबर विचारली (१:२). काय पाठवायचे ते पुढे. खबर ऐकून तो रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली, आणि त्यानंतरच राजापुढे तोंड उघडले.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका पाड्यासाठी परदेशातल्या आपल्याच लोकांनी मोठ्या मनाने पैसे पाठवले. आम्ही पाण्याची टाकी बांधली. टाकी भक्कम होती, रंगवलेली होती, फोटोही छान आले. एप्रिल उजाडला आणि टाकी कोरडी पडली, कारण ज्या विहिरीतून पाणी चढवायचे तिचाच तळ दिसू लागला होता. पुढच्या वर्षी विहिरीला थोडे पाणी होते, पण पंपाचे वीजबिल कोणी भरायचे हे ठरलेले नव्हते. मी पाड्यावर गेलो तेव्हा एक आजी डोक्यावर हंडा घेऊन टाकीसमोरून चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, “दादा, टाकी बांधायच्या आधी आम्हाला इचारायचं होतं. विहीर कधी आटते ते आम्हाला ठाऊक हाय ना.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागले. मी पुरुषांची सभा घेतली होती. पाणी भरणाऱ्या बायांना विचारायला गेलो नव्हतो.

देणाऱ्यांची चूक नव्हती. त्यांनी आमच्यावर भरवसा ठेवला होता. विचारपूस करणे हे मधल्या माणसाचे, म्हणजे माझे काम होते.

२. मग मोजणी

यरुशलेमेस पोहोचल्यावर नहेम्या तीन दिवस गप्प राहिला. मग रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन निघाला आणि भिंत कुठे पडली आहे, वेशी कुठे जळल्या आहेत, हे त्याने स्वतः फिरून पाहिले (२:११-१६). एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाट नव्हती. भाषण त्याने नंतर केले.

आपल्या शेजारचेच एक उदाहरण आहे. तलासरीच्या पलीकडे, राज्याची सीमा ओलांडली की संजाण लागते. इराण सोडून आलेले पारशी बांधव हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथे उतरले. पुढे संजाणवर संकट आले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी आपल्या डहाणू तालुक्यातील बाहरोटच्या डोंगरातल्या गुंफांत सांभाळला, अशी त्यांची परंपरा सांगते. शतके लोटली, पारशी समाज मुंबईत भरभराटीला आला. इकडे इराणात मागे राहिलेले त्यांचे धर्मबंधू मात्र फार हलाखीत होते. त्यांच्यावर जिझिया कर होता आणि अनेक अपमानकारक बंधने होती. मुंबईच्या पारशांनी दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी संस्था काढली आणि १८५४ साली माणेकजी लिमजी हटारिया यांना इराणला पाठवले.

हटारिया यांनी यझ्द आणि केरमान या भागांत फिरून लोकांची मोजणी केली, त्यांची स्थिती पाहिली आणि मुंबईला कळवले. त्यानंतर शाळा निघाल्या, अग्निमंदिरांची दुरुस्ती झाली, गरिबांचा कर भरण्यासाठी मुंबईहून पैसे जाऊ लागले. हटारिया वर्ष-दोन वर्षांत परतले नाहीत. त्यांनी उरलेले आयुष्य या कामात घालवले आणि १८९० साली तेहरानमध्येच त्यांचा अंत झाला. घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्यांत राहणारी इराणी कुटुंबे आपण रोज पाहतो. त्यांचे पूर्वज त्याच देशातून अलीकडच्या पिढ्यांत इकडे आले. पांगलेले लोक मागे राहिलेल्यांना कसे धरून ठेवतात, याचा इतिहास असा आपल्या उंबरठ्यावर आहे.

३. प्रत्येकाने आपापल्या घरासमोर

नहेम्याचा तिसरा अध्याय नावांची लांबलचक यादी म्हणून आपण सोडून देतो. तो सोडू नये. भिंत कोणी बांधली ते तिथे लिहिले आहे. सोनार, गंधी, याजक, व्यापारी, शल्लूम आणि त्याच्या मुली. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, हेही नोंदलेले आहे. नहेम्याने राजाकडून पत्रे आणि लाकूड आणले, पण दगड रचले ते गावाने. काम बावन्न दिवसांत संपले (६:१५).

मेक्सिको देशात हीच गोष्ट सरकारी योजनेत उतरली. झाकातेकास प्रांतातले कित्येक लोक अमेरिकेत मजुरी करतात. त्यांनी गावोगावच्या नावाने मंडळे केली. मंडळाने गावाच्या कामासाठी एक पेसो दिला की नगरपालिका, प्रांत आणि केंद्र सरकार प्रत्येकी एक पेसो घालणार, अशी ‘एकास तीन’ योजना २००२ पासून देशभर चालली. रस्ते झाले, पाणी आले. ती योजना आता बंद आहे, पण तिचे तत्त्व शिकण्यासारखे आहे : बाहेरच्याचा पैसा एकटा येऊ नये, त्याला गावाचा आणि सरकारचा वाटा जोडलेला असावा.

आपल्याकडे याला वाव आहे. डहाणू आणि तलासरी हे पेसा कायद्याखालचे तालुके आहेत. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळते, आणि ती कशावर खर्च करायची हे ग्रामसभा ठरवते. म्हणजे दाता कोठेही असो, त्याच्या देणगीचे काम ग्रामसभेत मांडता येते. ग्रामसभेने ‘हे आम्हाला हवे’ म्हटले, श्रमदान कबूल केले, आणि देखभाल कोण करणार ते लिहून घेतले, तर त्या कामाला धनी मिळतो. आमच्या टाकीला धनी नव्हता.

ज्याचे काम आधीच उभे आहे, त्याचे हात बळकट करणे हीसुद्धा एक रीत आहे. अमेरिकेतील मराठी लोकांनी १९७८ साली महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केले. तिथून त्यांनी महाराष्ट्रात तळागाळात काम करणाऱ्या संस्थांना साहाय्य पाठवले. १९९४ पासून साहित्याचे आणि पुढे समाजकार्याचेही पुरस्कार दिले. इथे राबणाऱ्या माणसांना त्यांनी ओळखले आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

४. मुळाशी हात

पाचवा अध्याय मी आमच्या भागात वाचतो तेव्हा लोक मान वर करून ऐकतात. भिंतीचे काम चालू असताना एकदम लोकांची ओरड होते. दुष्काळात धान्यासाठी शेते आणि घरे गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आता मुले-मुली दास म्हणून द्यावी लागत आहेत. आणि सावकार कोण? परके नव्हेत, आपलेच भाऊबंद. नहेम्याला राग आला. पण त्याने हेही कबूल केले की मी आणि माझी माणसेही उसने देत आलो आहोत. मग त्याने शेते आणि व्याज परत करायला लावले.

आपल्या वारली बांधवांना हे समजावून सांगावे लागत नाही. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि त्यापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबायचे, ही ‘लग्नगडी’ची पद्धत याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात होती. १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि या गुलामीविरुद्ध उठाव केला, तेव्हा ती मोडली. आज तिचे नाव राहिले नाही, पण ‘उचल’ राहिली आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कुणी आजारी पडते, लग्न निघते. मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि दिवाळीनंतर ती फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर जाते. मुलांची शाळा तिथेच तुटते.

हटारिया यांच्या कामातही हे दिसते. मुंबईचा पैसा वर्षानुवर्षे गरिबांचा जिझिया भरत राहिला. तेवढ्यावर ते थांबले असते तर आजही भरत बसावे लागले असते. त्यांनी शाहच्या दरबारी अर्ज-विनंत्या चालू ठेवल्या, आणि १८८२ साली शाह नासिरुद्दीन याने तो करच उठवला. दान आणि न्याय ही दोन्ही कामे त्यांनी बरोबर चालवली.

म्हणून परदेशातून किंवा शहरातून मदत करणाऱ्यांनी वह्या-पुस्तके जरूर द्यावीत. त्याबरोबर हेही विचारावे : पावसाळ्यात धान्यासाठी उचल घ्यावी लागू नये म्हणून काय करता येईल? बायांचा बचत गट, पाड्याची धान्यपेढी, रोजगार हमीचे वेळेवर काम, वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रे? यांचे फोटो काढता येत नाहीत आणि यांवर कोणाची पाटीही बसत नाही. पण मूळ इथे आहे.

५. हिशेब उजेडात

नहेम्याने बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही (५:१४). पौलाची काळजी तर शिकण्यासारखी आहे. करिंथकरांची वर्गणी त्याने एकट्याने उचलून नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये. प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने सरळ असावे, असा त्याचा कटाक्ष होता (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषिताला हिशेबाची गरज वाटली. मग आम्हाला तर वाटलीच पाहिजे.

आज यात कायद्याचा भागही आहे, आणि आपल्या पुष्कळ हितचिंतकांना तो माहीत नसतो. परकीय देणगीचा कायदा २०१० चा आहे आणि २०२० साली तो आणखी कडक झाला. नोंदणी असलेल्या संस्थेनेच परकीय देणगी घ्यायची, आणि तीही फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यात. एका संस्थेने घेतलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे.

एक बारकावा लक्षात ठेवावा. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेच्या मार्गाने देतो, तेव्हा ती परकीय देणगी धरली जात नाही. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी मात्र परकीय ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड का असेना. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी संस्थेला आपले नागरिकत्व कळवावे. प्रेमापोटी कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकून ‘मिशनला द्या’ असे सांगू नये. त्यात देणाराही अडचणीत येतो आणि घेणाराही.

देणारे कोण?

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण ‘परदेशातले देणारे, सायवनचे घेणारे’ असे धरून चालतो. पौल वेगळे सांगतो. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः अत्यंत दरिद्री होत्या, तरी देण्याची संधी मिळावी म्हणून त्यांनी आग्रह केला (२ करिंथ ८:१-४). एकीकडे भरपूर आणि दुसरीकडे उणे असू नये, समानता व्हावी, हा त्याचा मुद्दा (८:१३-१४). समानतेत कोणी कायमचा घेणारा राहत नाही.

आमच्या भागात परदेशी गेलेला माणूस क्वचितच सापडतो. पण पांगलेले तर घरोघरी आहेत. वीटभट्टीवरून होळीला परतलेली बाई गाठीला बांधून जे चार पैसे आणते, त्यावर म्हातारा सासरा आणि घराचे छप्पर टिकते. बोटीवरचा खलाशी समुद्रात महिने काढतो. त्यांतले काही जण सीमा चुकून पाकिस्तानी हद्दीत सापडतात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षे घालवतात. इकडे त्यांच्या घरच्यांना खबरही मिळत नाही. आपल्या देशाला डॉलर पाठवणाऱ्यांची गणती होते. या माणसांची कोणी करत नाही. पाड्याच्या उन्नतीला पहिली देणगी मात्र त्यांनीच दिलेली असते.

आमच्या ओळखीची काही मुले शिकून वापीच्या कारखान्यांत लागली. गेल्या वर्षी त्यांना मी सहज म्हटले, तुम्हीही आपल्या पाड्यासाठी काही करा. मला वाटले होते, हसण्यावारी नेतील. पुढच्या महिन्यापासून सहा जण प्रत्येकी शंभर रुपये काढतात. सहाशे रुपयांत काय होते? आमच्या टाकीच्या पंपाचे वीजबिल भागते. एप्रिलमध्ये विहीर आजही आटते. तो प्रश्न सुटलेला नाही, आणि विहीर खोल करण्याचा विषय आता ग्रामसभेत आहे. पण उरलेले महिने टाकीत पाणी असते, आणि बिल भरणारे पाड्याचेच आहेत.

पत्राचे उत्तर

तीन आठवड्यांनी मी त्या कुटुंबाला उत्तर लिहिले. लिहिण्याआधी दोन पाड्यांवर बसलो, आणि या वेळी बायांमध्ये बसलो. सभागृह कुणी मागितले नाही. जवळजवळ प्रत्येक जण एकच म्हणाला : आम्ही भट्टीवर जातो तेव्हा पोरांना इथे कोणी सांभाळले तर त्यांची शाळा मोडणार नाही. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना यासाठीच आहे. पण दरवर्षी वेळेवर प्रस्ताव करणे, मुलांच्या याद्या करणे आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ थांबणे, यासाठी माणूस लागतो. मी हे सगळे जसेच्या तसे कळवले. इमारतीवर एकदम खर्च करण्याऐवजी पाच वर्षे दरमहा थोडी रक्कम दिली तर नोव्हेंबर ते मे दोन बायांना मानधन देता येईल, असे लिहिले. पाटी लावता येणार नाही, हेही लिहिले. ‘इथल्या आमच्या कामापेक्षा दुसरीकडे द्यावेसे वाटले तरी आम्हाला वाईट वाटणार नाही,’ असे शेवटी लिहून पत्र टाकले.

उत्तर यायला वेळ लागला. मला वाटले, दुखावले असतील. मग थोरल्या भावाचे पत्र आले. त्यांचे वडील स्वतः मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले होते. आईबाप मजुरीला जात, म्हणून त्यांना तिथे ठेवले होते. ही गोष्ट घरात फारशी कोणी काढत नसे. ‘वडिलांना हेच आवडले असते,’ एवढेच त्याने लिहिले. थोरल्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, धाकट्या बहिणीने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे. म्हणून दोघांचे पैसे कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या मार्गाने येतील. येत्या दिवाळीनंतर काम सुरू होईल.

१८९४ साली ब्रदरन मंडळीचे मिशनरी अमेरिकेहून आले. त्यांनी वलसाडला आणि पुढे डहाणूला शाळा-दवाखान्यांचे काम उभे केले. ते आपले नव्हते, तरी आले. आज आपलेच लोक देशोदेशी आहेत. आपल्याच पाड्याची मुले वापीला आहेत. नहेम्याने जसे ‘त्यांची भिंत’ न म्हणता ‘आपण बांधू’ म्हटले (२:१७), तसे आपणा सर्वांना म्हणता येवो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतून कामानिमित्त दूर गेलेल्यांची यादी आहे काय? त्यांना मंडळीची खबर कोण कळवते?
२. आपण शेवटची मोठी देणगी दिली तेव्हा ती ज्यांच्यासाठी होती त्यांना आधी कोणी विचारले होते?
३. नहेम्या ५:१-१३ वाचा. आपल्या आसपास आज ‘उचल’ कोणत्या रूपात आहे? आपण तिच्यात कोणत्या बाजूला उभे आहोत?
४. मासेदोनियाच्या मंडळीप्रमाणे, ज्यांना आपण फक्त घेणारे समजतो त्यांना देण्याची संधी कशी मिळेल?

प्रार्थनेचे विषय

भट्ट्यांवर असलेली कुटुंबे आणि त्यांची लहान मुले. बोटींवरचे खलाशी, विशेषतः जे परक्या तुरुंगात आहेत ते, आणि वाट पाहणारी त्यांची घरे. परदेशी राहून आपल्या लोकांची आठवण ठेवणारे बंधुभगिनी. ग्रामसभेत बोलण्याचे धैर्य बायांना मिळावे. आणि आम्हा काम करणाऱ्यांना आधी ऐकण्याची बुद्धी मिळावी.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.